रांजणावरचा पहारा

या वयात तब्येत एवढी कशी टिकली, असं मला लोक विचारतात. मी गप्प बसतो. त्यांना वाटतं, म्हातारा विनयशील आहे. विनय माझ्या अंगात कधीच नव्हता. माझं शरीर मिडल स्कुलातल्या कवायतीनं घडलं, ही खरी गोष्ट आहे. त्याच कवायतीत माझ्या खोलीतला सोबती गेला, हीही तितकीच खरी आहे. एक सांगायची आणि दुसरी झाकायची हे मी बरीच वर्षं करून पाहिलं. आता कंटाळा आला.

निजामाचं राज्य होतं. आमच्या शिरड शहापुरात चार बुकांच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून वडिलांनी मला तालुक्याच्या गावी मिडल स्कुलात घातलं. शिकवणं सगळं उर्दूत. मारुतीच्या देवळामागं एका शेतकऱ्याच्या घरची पडवी आम्हा दोघांना राहायला मिळाली. दुसरा मुलगा पुसेगावचा, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. त्यांच्या वस्तीतून मिडल स्कुलापर्यंत पोचलेला तो पहिलाच. वस्तीवरच्या बायका म्हणे त्याला पोचवायला वेशीपर्यंत आल्या होत्या. बाजाराच्या दिवशी आमच्या गावाकडच्या गाड्या येत आणि आठवड्याच्या भाकरी देऊन जात. पहिले दोन दिवस भाकरी मोडायची, पुढं ती फोडावी लागायची. माझ्या गाठोड्यात भाकरीबरोबर तूप आणि डिंकाचे लाडू असत, त्याच्या गाठोड्यात नुसती तिखटाची पुडी. त्याचं दूधदुभतं गावाकडं होतं. शेळीचं दूध काही गाडीत बांधून येत नाही. मी त्याला लाडू देत असे. रोज नाही, कधीमधी. हे इथंच सांगून टाकतो, कारण पुढं सांगायला जीभ रेटायची नाही.

पहिल्या वर्षी शाळेला ड्रिल मास्तर नव्हते. हिसाब शिकवणारे एक म्हातारे मास्तर शेवटच्या तासाला आम्हाला मैदानावर सोडत आणि स्वतः लिंबाखाली खुर्चीत डोळे मिटून बसत. आम्ही राखेनं पाट्या आखायचो. आट्यापाट्या, हुतुतू, जे मनाला येईल ते. तहान लागली की लिंबाखालच्या रांजणातून पाणी प्यायचं आणि पुन्हा धावायचं. पाट्यांवर पुसेगाववाल्याला कुणीही पकडू शकत नव्हतं. बिथरलेली शेळी वळवायला लागते तशी चपळाई त्याच्या पायांत होती. तुम्ही डावीकडं हात टाकावा आणि त्यानं उजवीकडून निघून जावं. मी तूप खाऊन जड झालेला, मी पहिल्या पाटीवरच सापडायचो. सगळे हसायचे, आणि तो सगळ्यात जास्त. मला त्याचा राग यायचा. तो राग मी विसरलो असं मला तेव्हा वाटत होतं.

दुसऱ्या वर्षी ड्रिल मास्तर आले. ते रिसाल्यातून निवृत्त झालेले, आयुष्य घोड्यांच्या पागेवर गेलेलं. ताठ माणूस. कधी शिवी दिली नाही, छडी तर हातातही धरली नाही. त्यांना पोरांची नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते आम्हाला गावाच्या नावानं पुकारत. मी शिरड, तो पुसेगाव. पाट्या पुसल्या गेल्या. रांगा आल्या, ‘होशियार’ आणि ‘आराम’ आले, शंभर बैठका आणि मैदानाला दहा फेऱ्या आल्या. लहान-मोठा, जाडा-वाळका, सगळ्यांना तेच माप.

आणि दोरे आले. मास्तरांनी दिवाळीच्या सुट्टीनंतर प्रत्येकाच्या छातीभोवती सुती दोरा गुंडाळला, बरोबर जुळला तिथं गाठ मारली आणि गावाच्या नावाची चिठ्ठी लावून ऑफिसातल्या खुंटीला टांगला. दर महिन्याला तोच दोरा पुन्हा छातीभोवती यायचा. गाठ जुळेनाशी झाली म्हणजे छाती वाढली, पोरगं तगडं झालं. दोरा सैल पडला म्हणजे पोरगं कामचोर. श्वास भरून फसवावं म्हटलं तर मास्तर मोजताना एक ते वीस अंक मोठ्यानं म्हणायला लावायचे. पागेत नवा घोडा असाच पारखत असतील.

मला ती कवायत मानवली. घरचं खाणं पोटात होतं, त्यावर मेहनत पडली. तीन महिन्यांत माझ्या दोऱ्याची गाठ चार बोटं मागं राहिली. जो पहिल्या पाटीवर सापडायचा तो आता रांगेत पहिला उभा राहू लागला. पण निम्म्या पोरांचं उलटं झालं. कुणाचे गुडघे धरले, कुणाला कोरडा खोकला लागला, दोघं-तिघं तर कवायतीच्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच राहत. आधी पोटोबा, मग विठोबा म्हणतात; मास्तरांनी पोटोबाला वगळून थेट बैठकांना हात घातला होता. कोण काय खाऊन आलं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. घोड्यांना दाण्याची सरकारी चंदी मिळायची, ती सगळ्यांना सारखी असायची. त्यांचा हिशेब तिथंच चुकला असावा.

पुसेगाववाल्याचा दोरा सैल पडत गेला. सुट्टीत घरी दूध पिऊन आला तेव्हाचं ते माप, ते वाळक्या भाकरीवर कसं टिकणार? ज्या पोराला मैदानावर कुणी पकडू शकत नव्हतं तो त्या दोऱ्यात सापडला. माघ संपताना मास्तरांनी सांगितलं, चैत्रात मोहतमीम, म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब, कवायत बघायला येणार. ज्यांचा दोरा तोवर सैल राहील त्यांची नावं कमजोर म्हणून लिहून देणार आणि पुढच्या जमातीत, म्हणजे वर्गात, त्यांना बसू देणार नाहीत. तसा कायदा खरंच होता की मास्तरांनी धाक घातला, कुणास ठाऊक. त्याला खरं वाटलं. नाव कटलं की मेंढरांमागं परत जायचं, आणि वेशीपर्यंत आलेल्या बायकांना काय तोंड दाखवायचं? त्यानं रडगाणं गायलं नाही. मास्तरांना जाऊन सांगितलं, मी दहाच्या जागी पंधरा फेऱ्या मारतो. मास्तर खूश झाले.

आता रांजणाचं सांगतो.

मास्तरांचा एक नियम होता. कवायतीनंतर अंगावरचा घाम वाळल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. तापलेल्या अंगात पाणी गेलं की छाती धरते, घोडा जागच्या जागी बसतो, असं ते म्हणत. सगळा दोष त्यांच्यावर टाकून मोकळं व्हायला मला आवडलं असतं. पण मी सुट्टीत वडिलांना हा नियम सांगितला तेव्हा वडील म्हणाले, शहाणा माणूस आहे; पळवून आणलेल्या बैलाला आपणसुद्धा लगेच पाणी दाखवत नाही. आमच्या मुलखातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं तेच सांगितलं असतं. जनावरावरून शिकलेली गोष्ट आम्ही लेकरांना लावत होतो आणि त्यात कुणालाच काही वावगं दिसत नव्हतं.

ज्याचा दोरा सगळ्यात आखूड पडेल त्याला रांजणावरचा पहारा मिळे. हा मान होता. लाकडी झाकणावर एक हात ठेवून, दुसऱ्या हातात लांब दांड्याचं ओगराळं धरून उभं राहायचं. एकेक जण पुढं आला की त्याच्या मानेवर मागून हात ठेवायचा. हात ओला झाला तर परत पाठवायचं, कोरडा राहिला तर ओगराळंभर पाणी ओतायचं. त्या वर्षी फाल्गुनात पहारा माझ्याकडं आला. पोरं मला शिरड म्हणायची, ती शिरडसाहेब म्हणू लागली. चेष्टाच होती, पण मला गोड लागायची.

पोरं काही कमी नव्हती. तहान अनावर झाली की धोतराच्या सोग्यानं मान खसाखसा पुसायची, वर चिमूटभर माती चोळायची आणि साळसूदपणे पुढं यायची. मी अशा दोघांना पकडलं आणि मास्तरांनी माझी पाठ थोपटली. तेव्हापासून मला प्रत्येक कोरडी मान संशयाची वाटू लागली.

साहेब दुपारी येणार असं कळलं म्हणून शेवटचे तीन आठवडे सरावही दुपारीच ठेवला. चैत्रातलं ऊन. मैदानावर उभ्या उभ्या पायांचे तळवे भाजत होते. त्या दिवशी सकाळी पुसेगाववाल्यानं अर्धी भाकरी खाल्ली होती, कारण गाडी यायला दोन दिवस होते आणि त्याला उरवून ठेवायची होती. बैठका झाल्या, दहा फेऱ्या झाल्या. सगळे लिंबाखाली आले. तो एकटा पळत राहिला. तेरावी फेरी असेल, त्याची चाल वाकडी होऊ लागली, आणि पोरं हसली. मीही हसलो. आट्यापाट्यांच्या वेळचं कुठंतरी फिटत होतं, असं मला आज वाटतं. पंधरा पुऱ्या करून तो सरळ रांजणापाशी आला.

मी त्याच्या मानेवर हात ठेवला. मान कोरडी ठणठणीत होती आणि तव्यासारखी तापलेली. पंधरा फेऱ्या मारून आलेल्या पोराच्या मानेवर घामाचा टिपूस नाही, हे कसं शक्य आहे? मला वाटलं, खोलीतला म्हणून हा मला गृहीत धरतोय.

“पुसून आलास तू,” मी म्हणालो.

“न्हाई पुसलं. घामच येऊन न्हाई राहिला.” त्याची जीभ जड पडत होती. “घोटभर दे.”

“मास्तरांनी पाहिलं तर? थांब जरा.”

“घोटभर दे ना,” तो पुन्हा म्हणाला, आणि मी झाकणावरचा हात दाबून धरला.

नियमाप्रमाणंसुद्धा त्याला पाणी मिळायला हवं होतं. मान कोरडी होती. मास्तरांचा नियम मी मास्तरांपेक्षा कडक केला. माणसाला इतकं ऊन लागतं की घाम आतल्या आत आटतो, हे मला पुढं एका डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं, हे मी स्वतःला अनेकदा सांगून पाहिलं आहे. पण तो सांगत होताच की. त्यानं स्वतःच सांगितलं.

तो चार पावलं गेला, लिंबाच्या बुंध्याला टेकला आणि तिथंच घसरत खाली बसला. मग अंगाला झटके आले. मास्तर धावले. त्यांनी स्वतः रांजणाचं झाकण फेकलं, पाणी ओगराळ्या-ओगराळ्यानं त्याच्या तोंडाशी लावलं, पण दातखीळ बसलेली. पाणी हनुवटीवरून छातीवर सांडत राहिलं. कुणी कांदा फोडून आणला, कुणी टाळूवर ओला फडका ठेवला. दवाखान्यातला माणूस आला तेव्हा तो बेशुद्ध होता. दिवस मावळायच्या आधी गेला.

मास्तर त्या संध्याकाळी बराच वेळ ऑफिसच्या पायरीवर बसले होते. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, उसने पानी मांगा था? मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “तूने बराबर किया,” ते म्हणाले. “पानी दिया होता तो छाती पकडती.” मला बरं वाटलं. या सगळ्या गोष्टीतलं मला सगळ्यात लाजिरवाणं वाटतं ते हेच, की मला बरं वाटलं.

त्याचे वडील गाडी घेऊन आले. खांद्यावर घोंगडी, कपाळावर आठ्या. त्यांनी पोराचं पांघरूण, तांब्या, पुस्तकं गोळा केली. उरवून ठेवलेल्या अर्ध्या भाकरीसमोर ते थोडे थांबले, मग तीही बांधली. निघताना मला एकट्याला पडवीच्या कडेला घेतलं.

“तू त्याच्यापाशी व्हतास म्हणं. त्यानं पाणी मागितलं व्हतं का?”

“न्हाई, बाबा,” मी म्हणालो.

“मंग तहानलेला न्हाई गेला,” ते म्हणाले आणि मान हलवत गाडीकडं गेले.

दहाव्याला मास्तरांनी आम्हा चार पोरांना पुसेगावला पाठवलं. ओढ्याकाठी पिंड ठेवला. कावळे समोरच्या बाभळीवर बसले होते, पण खाली एकही उतरेना. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, आणि ती कोणती ते ओळखून बोलावं लागतं. वडील पुढं झाले आणि म्हणाले, तुझ्या धाकट्या भावाला शाळेत घालतो. कावळा हलला नाही. आई म्हणाली, तुझी पांढरी शेळी मी कुणाला देत नाही. चुलते, मामा, सगळे बोलून झाले. ऊन चढत गेलं. मग वडिलांनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, तू त्याच्या खोलीतला, तुला ठाऊक असंल, तू बोल.

मला ठाऊक होतं. तिथं जमलेल्या पन्नास माणसांत एकट्या मला ठाऊक होतं. मी पिंडासमोर हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, तुझं नाव कमजोरांत लिहू देणार नाही. कावळा आला नाही. दुपार कलली. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक उठले.

पुढच्या आठवड्यात साहेब आले. आमच्या रांगेतली त्याची जागा भरून काढली होती. साहेबांनी कवायत पाहिली, माझ्या छातीवर हात मारला आणि पोरं तंदुरुस्त आहेत असं वहीत लिहून गेले. खुंटीवरचा त्याचा दोरा कुणी काढला ते मला माहीत नाही. रांजणावरचा पहारा मी सोडला नाही. सोडला असता तर कुणी तरी कारण विचारलं असतं.

वर्षं गेली. धामधुमीत शाळा बंद राहिल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि अठ्ठेचाळीसच्या दसऱ्यानंतर शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मी मास्तर झालो. माझं धिप्पाड अंग बघून हेडमास्तरांनी कवायतही माझ्याच गळ्यात घातली. मी दोरे बांधले नाहीत. बैठका कमी केल्या, आट्यापाट्या पुन्हा सुरू केल्या, रांजणावर कुणाला उभं केलं नाही. मी सुधारलो असं मला वाटत होतं. मग एका दुपारी खेळाच्या मधूनच एक लहान पोरगं माझ्याकडं धावत आलं आणि म्हणालं, गुरुजी, पाणी पिऊ का? मी तोंडानं हो म्हणालो. पण माझा हात तेवढ्यात त्याच्या मानेवर गेला होता. पोरगं वर बघू लागलं. म्हणालं, “काहून मान धरून राहिले, गुरुजी?”

त्या रविवारी मी पुसेगावला गेलो. वडील थकले होते, पण त्यांनी ओळखलं. रीतीप्रमाणं आईनं पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. मी त्याला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं: मान, ओगराळं, झाकणावर दाबलेला हात, दोनदा मागितलेला घोट, आणि पडवीत मी खोटं बोललो ते. आई दारातून आत निघून गेली.

वडील शिव्या घालतील, उठून मारतील, असं मला वाटत होतं. खरं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

“दहाव्याला सांगायचं व्हतं, लेकरा,” ते म्हणाले. “दुपार कलंपस्तोर बसलो व्हतो आमी तिथं. वढा जवळ व्हता. तांब्याभर वतलं असतं.”

मग त्यांनी तो तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, पाणी पी, उन्हातून आलास.

मी प्यायलो.